मुंढव्याहून पाठीवर आणलेला मुलगा



कोविडच्या दुसऱ्या लाटेत इथे फ्रीगंजमध्ये शेजारच्या आजोबांना धाप लागली. ॲम्ब्युलन्स येईना. उचलून रिक्षात घालायचं कुणी? मी नर्सिंग केलेली, तरी दारातच उभी. घरात सासूबाई आजारी. शेवटी गेले. तेव्हा सावित्रीबाई फुले आठवल्या.

त्या ख्रिस्ती नव्हत्या, पण शिक्षिकेचे धडे त्यांनी अहमदनगरला मिशनच्या फरारबाईंकडे घेतले होते. जन्म १८३१चा, नायगावचा. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. शेवटचं वर्ष मात्र कमी सांगितलं जातं.

१८९७ साली पुण्यात प्लेग पसरला. त्यांच्या दत्तक मुलाने, डॉ. यशवंतने, गावाबाहेर दवाखाना काढला. प्लेगवर औषध नव्हतंच. सेवा करायची, पाणी पाजायचं आणि रोग्याला वेगळं ठेवायचं, एवढंच हातात. मुंढव्याच्या गावकुसाबाहेरच्या वस्तीत एक मुलगा आजारी पडल्याचं कळलं. सहासष्ट वर्षांच्या बाई स्वतः गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. मुलगा वाचला असं सांगतात. बाईंना लागण झाली आणि १० मार्चला त्या वारल्या.

आम्हाला शिकवतात, आधी स्वतःला सांभाळा. नियम बरोबरच आहे. बाईंनाही धोका दिसत होताच. पण त्यांनी जीव स्वतःचा पणाला लावला. मी सासूबाईंचा लावला, आणि तोही त्यांना न विचारता. त्या सुखरूप राहिल्या. आजोबाही घरी परतले. तरी सासूबाईंना ती गोष्ट मी अजून सांगितलेली नाही.

— एक वाचक, उज्जैन