निनावी अग्निबाणकार

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने अग्निबाणावर लिहावे, याचे विज्ञानशाखेकडे गेलेल्या आमच्या मित्रांना हसू येईल. येवो बापडे! मला ओढ लागली ती यंत्राची नव्हे. ते घडविणाऱ्या सर्गेई कोरोल्योव्ह या माणसाची.

त्यांचा जन्म १९०७ साली युक्रेनमधील झितोमीर येथला. तरुणपणी ग्लायडरचे वेड, पुढे अग्निबाणाचे. मॉस्कोतील एका तळघरात समानधर्मी मंडळींसह त्यांनी काम आरंभिले. १९३३ साली त्यांचा पहिला अग्निबाण सुमारे ४०० मीटर उडाला. अशा हौसेला पैसा पुरविणार कोण? सैन्याने हात पुढे केला, आणि तो त्यांना अखेरपर्यंत सोडता आला नाही.

१९३८ साली, स्टालिनच्या राजवटीत, घातपाताच्या खोट्या आरोपावरून त्यांना अटक झाली. सैबेरियाच्या टोकाला, कोलिमाच्या सोन्याच्या खाणीत त्यांना राबावे लागले. स्कर्व्हीने दात गेले. पुढे तुरुंगातच चालणाऱ्या विमानरचनेच्या कार्यालयात त्यांना आणले. १९४४ साली सुटका झाली आणि पुढच्याच वर्षी जर्मनांच्या व्ही-२ अस्त्राचा अभ्यास करण्यासाठी सरकारने त्यांना जर्मनीला धाडले. लंडनवर कोसळलेले ते अस्त्र छळछावणीतील कैद्यांच्या श्रमांतून बनले होते. कालपर्यंत स्वतः कैदी असलेल्या या माणसाला ते पाहून काय वाटले असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

व्ही-२ची नक्कल १९४८ साली उडाली. पण खरी कथा आहे ती आर-७ची. अमेरिकेपर्यंत हायड्रोजन बॉम्ब नेणारे क्षेपणास्त्र सरकारला हवे होते. रशियन बॉम्ब भलताच जड. म्हणून सुमारे साडेपाच टनांचे शीर्ष पेलणारा अग्निबाण रचावा लागला. मध्ये एक खांब, भोवती चार, आणि सर्वांची इंजिने जमिनीवरच एकदम पेटायची. बॉम्बच्या त्या बोजडपणामुळेच अंतराळाची वाट मोकळी झाली! जो अग्निबाण एवढा भार हजारो किलोमीटर फेकतो, तो हलके ओझे पृथ्वीभोवती फिरवू शकतो, हे कोरोल्योव्ह जाणून होते. परवानगीसाठी ते वरिष्ठांच्या मागे लागले. ठरलेला मोठा उपग्रह वेळेत होईना, तेव्हा त्यांनी ८३.६ किलोंचा साधा गोळा करविला. ऑगस्ट १९५७ मध्ये क्षेपणास्त्राची चाचणी यशस्वी झाली आणि ४ ऑक्टोबरला त्याच जातीच्या अग्निबाणाने स्पुटनिक वर नेला. अमेरिकेचा पहिला उपग्रह १९५८ च्या जानेवारीअखेर गेला, तोही सैन्याच्याच रेडस्टोन क्षेपणास्त्राच्या वंशजावरून; वजन जेमतेम १४ किलो.

गंमत अशी, की अस्त्र म्हणून आर-७ गैरसोयीचेच ठरले. द्रवरूप प्राणवायू भरून ते सज्ज करण्यात तासन् तास जात. शत्रू तोवर थांबतो थोडाच? सैन्याने ते मोजक्याच तळांवर ठेवले आणि १९६८ साली मोडीत काढले. अंतराळाच्या कामी मात्र ते भलतेच उपयोगी पडले. १२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन त्याच्याच सुधारित रूपावरून गेले.

जगभर गागारिनचा जयजयकार झाला. कोरोल्योव्हचे नाव मात्र सरकारी गुपित होते. वृत्तपत्रांत त्यांचा उल्लेख केवळ मुख्य रचनाकार असा येई. ही शिक्षा मला कोलिमाइतकीच कठोर वाटते. आमच्या प्राध्यापकांना ते पटत नाही. १४ जानेवारी १९६६ रोजी शस्त्रक्रियेच्या वेळी ते वारले, आणि मग कुठे लोकांना त्यांचे नाव व छायाचित्र दिसले. १९८४ साली आपले राकेश शर्मा बैकानूरहून निघाले, तेव्हा त्यांच्या यानाखाली आर-७च्याच वंशातला अग्निबाण होता.