पडदे, पोस्टर आणि चौकातला पुतळा : कोण होते बाबुराव पेंटर?

नवी मुंबईत स्वच्छ सर्वेक्षणाच्या निमित्ताने अनेक भिंती रंगल्या, त्याही महापालिकेच्याच पुढाकाराने. हुबेहूब चित्रं रस्त्यावर आणणाऱ्या आणि त्या हुबेहूबपणामुळेच सेन्सॉरला खटकलेल्या एका मराठी चित्रकाराची गोष्ट मात्र शंभर वर्षांपूर्वीची आहे, कोल्हापुरातली.

बाबुराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म 3 जून 1890 चा. आर्ट स्कूलचं शिक्षण त्यांनी घेतलं नाही. वडील अनेक हस्तकलांत निष्णात होते, हात तिथेच बसला. चुलतभाऊ आनंदराव यांच्यासोबत ते संगीत नाटकांचे पडदे रंगवू लागले आणि मेस्त्री आडनाव मागे पडून 'पेंटर' हेच नाव चिकटलं.

दोघांना सिनेमाचं वेड होतं. पण 1916 मध्ये आनंदराव गेले. बाबुरावांनी कॅमेरा स्वतः जुळवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. 1920 च्या 'सैरंध्री'तला कीचकवध इतका खरा वाटला की सेन्सॉरने तो काढायला लावला. खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकावर सरकारने 1910 मध्येच बंदी घातली होती. कीचक इंग्रजांना दोनदा बोचला, म्हणायचं.

सिनेमाची जाहिरातही ते स्वतः रंगवत. 1923 च्या 'वत्सलाहरण'चं पोस्टर देशातल्या सुरुवातीच्या चित्रपट-पोस्टरांमध्ये गणलं जातं. तिकिटाला पैसे नसलेल्यालाही भिंतीवरचं चित्र फुकटात दिसायचं.

1929 मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम यांनी बाहेर पडून 'प्रभात' काढली. पुढे बाबुराव पुन्हा चित्र-शिल्पांकडे वळले.

आणि मग पुतळ्याचा किस्सा. कोल्हापुरात भर चौकात मुंबईचे माजी गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचा पुतळा होता. 'चले जाव' आंदोलनाच्या काळात स्वातंत्र्यसैनिकांनी तो विद्रूप केला. पुढे 1945 मध्ये त्याच जागी शिवाजी महाराजांचा अर्धपुतळा बसला, तो बाबुरावांनी घडवलेला. भालजी पेंढारकरांच्या सांगण्यावरून त्यांनी तो अवघ्या काही तासांत पूर्ण केला, असं कोल्हापूरकर आजही सांगतात.

16 जानेवारी 1954 रोजी त्यांचं निधन झालं. त्यांच्या बहुतेक मूकपटांच्या प्रिंट नष्ट झाल्या आहेत. शिवाजी चौकातला अर्धपुतळा मात्र जागेवर आहे.