जॉन पोस्टेल आणि ६७, ६८, ६९

मुळशी तालुक्यातल्या हिंजवडीत, आयटी पार्कमधल्या एखाद्या कंपनीत एकदम शंभर कोरे सर्व्हर आले, तर त्यांत ऑपरेटिंग सिस्टीम टाकायला कोणी पेनड्राइव्ह घेऊन फिरत नाही. कोरे यंत्र सुरू होताच नेटवर्कवर हाक मारते, ‘माझा पत्ता काय?’ ही हाक ६७ क्रमांकाच्या पोर्टवर जाते, उत्तर ६८ वर येते आणि सुरुवातीची छोटी फाइल ६९ वर मागितली जाते. सन कंपनीची जुनी यंत्रे पत्ता निराळ्या रीतीने विचारत, पण फाइल मागत ती ६९ वरच. वेगवेगळ्या कंपन्यांच्या युनिक्स यंत्रांना एकच क्रमांक ठाऊक असतात, कारण जॉन पोस्टेल यांनी ही यादी आयुष्यभर सांभाळली.

पोस्टेल यांचा जन्म १९४३ चा, कॅलिफोर्नियातला. ते लॉस एंजलिसच्या विद्यापीठात शिकत असताना, १९६९ मध्ये, इंटरनेटचे पूर्वरूप असलेले अर्पानेट तिथेच सुरू झाले. नेटवर्कच्या नियमांची टिपणे, म्हणजे ‘आरएफसी’, संपादित करण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले ते अखेरपर्यंत. दाढी वाढवलेला, सँडल घालून फिरणारा हा माणूस कोणता क्रमांक कोणाला हे ठरवी आणि जग ते मानी.

या क्रमांकांचा खरा उपयोग बिघाड शोधताना होतो. पत्ताच मिळत नसेल, तर ६७ वरची हाक बहुधा राउटरपाशी अडलेली असते. ती पुढे पोचवायला मध्ये रिले लागतो. पत्ता मिळाला पण फाइल येत नाही, तर फायरवॉल बघावी. मागणी ६९ वर जाते, पण उत्तर दुसऱ्याच पोर्टवरून येते आणि फायरवॉल त्याला परके समजून अडवते. आम्ही डॉक्टरही असेच विचारतो : नेमके कुठपर्यंत ठीक होते?

आपण पाठवताना काटेकोर राहावे, दुसऱ्याचे थोडे चुकलेले मात्र समजून घ्यावे, असा पोस्टेल यांचा नियम होता. त्यामुळे भिन्न यंत्रे एकमेकांशी बोलू लागली हे खरे, पण चुका खपून जाऊन दडून राहतात, अशी टीकाही पुढे झाली. मला ती पटते. हृदयाची झडप गळकी असली की थोडे रक्त प्रत्येक ठोक्याला मागे येते. हृदय वर्षानुवर्षे जादा काम करून ते निभावून नेते, रुग्णाला काही जाणवत नाही. धाप लागू लागते तोवर हृदय बरेचदा फुगलेले असते. म्हणून छातीत आवाज ऐकू आला, की तक्रार नसली तरी टूडी इको करून घ्यावा.

पोस्टेल यांची झडप गळत होती. १९९८ च्या ३० सप्टेंबरला त्यांची कामगिरी पुढे चालवण्यासाठी ‘आयकॅन’ ही संस्था नोंदली गेली. झडप बदलण्याच्या शस्त्रक्रियेतून सावरत असतानाच, १६ ऑक्टोबरला, वयाच्या ५५ व्या वर्षी ते गेले. ६७, ६८ आणि ६९ आजही त्यांच्या यादीत होते तिथेच आहेत.