संत कामिल्लस दे लेल्लिस

संत कामिल्लस ह्यांचा जन्म इ. स. १५५० साली इटलीत झाला. तरुणपणी ते शिपाई, तापट व जुगारी होते. पायाच्या जखमेवर इलाजासाठी ते रोमच्या सान जाकोमो इस्पितळात राहिले. परंतु भांडणे व जुगार ह्यांपायी त्यांना तेथून घालवून देण्यात आले. पुढे सर्वस्व हरून कापुचिन मठात मजुरी करीत असता, १५७५ साली प्रभुकृपेने त्यांचे मन पालटले. स्वभाव मात्र एका दिवसात पालटला नाही. प्रार्थना, प्रायश्चित्त व रुग्णसेवा ह्यांनी तो हळूहळू घडला. त्याच इस्पितळाचे ते कारभारी झाले. १५८४ साली गुरुदीक्षा घेऊन त्यांनी रुग्णसेवकांचा संघ चालविला. १६१४ साली देह ठेवीपर्यंत ती जखम भरली नाही. तीच सोशीत ते रोग्यांपाशी जात राहिले. भाविकहो, आपणही धीर सोडू नये.