साथ नवी, सूर तोच

रमजानच्या संध्याकाळी पाचूबंदरच्या किनाऱ्यावर इफ्तारची घाई आणि जाळी आवरण्याची घाई कधी कधी एकाच वेळी चालते. एखाद्या होडीतल्या मोबाइलवर मोहम्मद रफी गात असतात. ऐकणारा चर्चला जाणारा, मंदिरात जाणारा की रोजेदार, हे त्या आवाजाने कधी विचारले नाही.

रफीसाहेबांचा जन्म नाताळच्या आदल्या दिवशीचा, २४ डिसेंबर १९२४. गाव अमृतसरजवळचे कोटला सुलतानसिंग. गल्लीत गात फिरणाऱ्या फकिराच्या मागे मागे जाऊन हा मुलगा त्याचे सूर उचलत असे. पुढे कुटुंब लाहोरला गेले आणि १९४४ साली रफी मुंबईत आले. १९५२ च्या ‘बैजू बावरा’मधले हरिदर्शनाची आस सांगणारे भजन शकील बदायुनींनी लिहिले, नौशाद यांनी स्वरबद्ध केले आणि रफींनी गायले. तिघेही मुसलमान. मराठीत श्रीकांत ठाकरे यांनी त्यांच्याकडून गाणी गाऊन घेतली. वंदना विटणकर यांचे ‘शोधिसी मानवा’ त्यातलेच. देव बाहेर शोधू नकोस, तो तुझ्या अंतरात आहे, हा त्याचा आशय मशिदीतही पटतो आणि देवळातही.

१९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ३१ जुलै १९८० च्या रात्री हृदयविकाराने ते गेले. वय अवघे ५५. तो महिना रमजानचा होता आणि त्याचा मधला टप्पा, मगफिरतीचा, म्हणजे क्षमेचा. दुसऱ्या दिवशी भर पावसात मुंबई त्यांच्या जनाज्यामागे चालली.

माणूस गेला, आवाज मागे राहिला. कॅसेटच्या जमान्यात जुन्या गाण्यांवर ‘झंकार’ म्हणून नवा ठेका चढवला गेला. ठेका जोरात वाजे, शब्द मागे पडत. याउलट उदाहरण ‘मुघल-ए-आझम’चे. १९६० चा हा चित्रपट रंगीत होऊन १२ नोव्हेंबर २००४ ला, दिवाळीत, पुन्हा पडद्यावर आला. रमजान ईदही दोन-तीन दिवसांवर होती. त्यासाठी वाद्यमेळ नव्याने बांधताना गायकांचे मूळ आवाज तसेच ठेवले. देखरेखीला खुद्द नौशाद होते, सोबत उत्तम सिंग. दगड घडवणाऱ्या शिल्पकाराच्या तोंडचे ‘ऐ मोहब्बत जिंदाबाद’ सणाच्या गर्दीने पुन्हा ऐकले. परदेशातही १९७७ साली वारलेल्या एल्विस प्रेस्लीच्या आवाजाला २०१७ मध्ये रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राची साथ देऊन नाताळचा अल्बम निघाला.

हे योग्य की अयोग्य? गेलेला माणूस होकार देत नाही, नकारही देत नाही. म्हणून त्याचा आवाज ही आपल्या हाती असलेली अमानत, म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव आहे. ठेवीला नवे वस्त्र गुंडाळावे, पण आतली वस्तू बदलू नये.

नव्या मयतांना जागा हवी म्हणून २०१० मध्ये जुहूच्या कब्रस्तानातल्या जुन्या कबरी हटल्या. त्यात रफींचीही होती. चाहते आता शेजारच्या नारळाच्या झाडावरून ती जागा ओळखतात. कबरीचा दगड गेला, सूर मात्र अजून आपल्याकडे आहे. आज रोजा सोडताना त्यांच्या मगफिरतीसाठीही दुआ करू या. आणि शेजाऱ्याने आपल्या देवाकडे त्यांच्यासाठी हात जोडले, तर तीही दुआच.