रेड क्रॉसच्या क्लाराबाई

रेड क्रॉस म्हटले की आपल्याला रक्तदान शिबिर आठवते, रुग्णवाहिका आठवते, आणि पूर किंवा भूकंप झाला की टीव्हीवर दिसणारे पांढऱ्यावरचे ते लाल क्रूसाचे चिन्ह आठवते. परंतु ही संस्था मुळात जन्माला आली ती रणांगणावरील जखमी सैनिकांसाठी. १८५९ साली सोल्फेरिनोच्या लढाईतील जखमींचे हाल पाहून हेन्री द्युनाँ यांनी जो ध्यास घेतला, त्यातून १८६३ मध्ये जिनिव्हा येथे समिती स्थापन झाली आणि १८६४ मध्ये देशादेशांचा करार झाला. पूर, वणवा, वादळ, दुष्काळ ही कामे या संस्थेच्या अंगावर हळूहळू आली. ती आणण्यात फार मोठा वाटा होता अमेरिकेतील एका अविवाहित शिक्षिकेचा. त्या क्लारा बार्टन यांची ओळख आज आम्ही करून देत आहोत.

क्लाराचा जन्म २५ डिसेंबर १८२१ रोजी, म्हणजे ऐन नाताळच्या दिवशी, मॅसॅच्युसेट्स राज्यातील नॉर्थ ऑक्सफर्ड या गावी झाला. पाच भावंडांत ती शेंडेफळ. वडील तरुणपणी सैन्यात होते आणि लढायांच्या गोष्टी लेकीला रंगवून सांगत. मुलगी मात्र कमालीची बुजरी. चारचौघांत तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. ती अकरा वर्षांची असताना थोरला भाऊ डेव्हिड कोठाराच्या छपरावरून पडला. पुढची जवळजवळ दोन वर्षे तिने त्याची शुश्रूषा केली. त्या काळच्या रीतीप्रमाणे आजाऱ्याच्या अंगाला जळवा लावीत, तेही काम ही पोर करी.

सतराव्या वर्षी ती शिक्षिका झाली. १८५२ साली न्यू जर्सीतील बोर्डनटाऊन येथे तिने गरिबांच्या मुलांसाठी मोफत शाळा सुरू केली. पहिल्या दिवशी सहा मुले आली. बघता बघता पटसंख्या शेकड्यांवर गेली आणि गावाने शाळेसाठी मोठी इमारत बांधली. मग एवढी मोठी शाळा बाईच्या हाती कशी द्यायची, असा प्रश्न गावकऱ्यांना पडला. त्यांनी मुख्याध्यापक म्हणून एका पुरुषाला आणले आणि त्याला क्लाराबाईंच्या दुपटीहून अधिक पगार दिला. क्लाराबाई शाळा सोडून निघून गेल्या. आमच्या वाचकांतील शिक्षिकांना हा प्रसंग काही फार परका वाटू नये.

तेथून त्या वॉशिंग्टनला गेल्या आणि सरकारच्या पेटंट कार्यालयात कारकून झाल्या. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. वॉशिंग्टनला आलेल्या पहिल्या पलटणींपैकी एक त्यांच्याच राज्यातली होती. बाल्टिमोरला जमावाने तिच्यावर हल्ला केला होता आणि त्या झटापटीत जवानांचे सामानसुमान गेले होते. त्या जवानांत क्लाराबाईंचे काही जुने विद्यार्थीही होते. त्यांनी घरातील चादरी फाडून रुमाल आणि पट्ट्या केल्या, खाण्याचे जिन्नस गोळा केले आणि ओळखीच्यांना पत्रे लिहून मदत मागवली. सामान इतके आले की राहण्याच्या खोलीचे कोठार झाले. हे साठवण्याचे वेड त्यांना तेव्हा जे लागले, ते अखेरपर्यंत सुटले नाही.

१८६२ साली त्यांना प्रत्यक्ष आघाडीवर जाण्याची परवानगी मिळाली. सप्टेंबरमध्ये अँटिएटमच्या लढाईत त्या पोचल्या तेव्हा पट्ट्या संपल्यामुळे डॉक्टर मक्याच्या कणसांची पाने जखमांवर बांधत होते. क्लाराबाईंच्या गाडीत पट्ट्या होत्या, आणि कंदीलही होते! अंधार पडल्यावर डॉक्टरांना शस्त्रक्रियेसाठी उजेड लागेल हा विचार त्यांनी आधीच करून ठेवला होता. त्याच लढाईत त्या एका जखमी जवानाला पाणी पाजत असताना एक गोळी त्यांच्या बाहीतून आरपार गेली आणि तो जवान जागीच मेला.

युद्ध संपल्यावर त्यांनी बेपत्ता सैनिकांच्या शोधाचे कार्यालय उघडले. मुलाचा ठावठिकाणा विचारणाऱ्या आईबापांच्या ६३,००० हून अधिक पत्रांना उत्तरे गेली आणि सुमारे २२,००० जणांचे काय झाले याचा पत्ता लागला. आम्हाला वाटते, क्लाराबाईंचे हे काम युद्धातील शौर्यापेक्षा कमी मोलाचे नाही.

या श्रमांनी प्रकृती ढासळली. डॉक्टरांनी विश्रांतीसाठी युरोपला पाठवले, आणि तेथे १८६९ साली जिनिव्हामध्ये डॉ. लुई अपिया यांची भेट झाली. अमेरिका रेड क्रॉसच्या करारात का सामील होत नाही, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. क्लाराबाईंनी तर त्या कराराचे नावही ऐकले नव्हते. पुढच्याच वर्षी फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध झाले. विश्रांती बाजूला राहिली. वेढ्यात उद्ध्वस्त झालेल्या स्ट्रासबर्ग शहरात त्यांनी बायकांना फुकट कपडे वाटण्याऐवजी शिवणकाम दिले आणि त्याची मजुरी दिली. शहराला कपडेही मिळाले आणि बायकांना आपल्या कमाईची भाकरीही मिळाली.

मायदेशी परतल्यावर त्यांनी १८७७ पासून सरकारचे उंबरठे झिजवायला सुरुवात केली. राष्ट्राध्यक्ष हेज यांनी नकार दिला. परदेशांशी करारमदार करून भानगडीत पडू नये, असे तेव्हाचे धोरण होते. शिवाय यादवी युद्ध संपून इतकी वर्षे झाली, आता कसले युद्ध आणि कसले जखमी, असेही लोक म्हणत. या प्रश्नाचे क्लाराबाईंनी दिलेले उत्तर महत्त्वाचे आहे. युद्ध झाले नाही तरी या देशात दरवर्षी नद्यांना पूर येतात, जंगले पेटतात, वादळे होतात, साथी येतात. तेव्हा धावाधाव करून भीक मागत फिरण्यापेक्षा माणसे, पैसा आणि सामान आधीच तयार का ठेवू नये? २१ मे १८८१ रोजी वॉशिंग्टन येथे अमेरिकन रेड क्रॉसची स्थापना झाली तेव्हा हा हेतू संस्थेच्या घटनेतच लिहिला गेला. करारावर सही मात्र १८८२ च्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष आर्थर यांनी केली.

सहीची वाट पाहत संकट थोडेच थांबते? १८८१ च्या सप्टेंबरमध्ये मिशिगन राज्यात भयंकर वणवा पेटला. सुमारे २८० माणसे मेली, हजारो कुटुंबे उघड्यावर पडली. न्यूयॉर्क राज्यातील डॅन्सव्हिल या गावी रेड क्रॉसची पहिली स्थानिक शाखा निघून तेव्हा महिनाही झाला नव्हता. क्लाराबाईंनी काय केले? आधी ज्युलियन हबेल या मिशिगनमध्येच वैद्यकी शिकणाऱ्या तरुणाला पाहणीसाठी पाठवले. कुठे किती घरे जळाली, कोणाला काय हवे, हे त्याने कळवायचे आणि डॅन्सव्हिल, रॉचेस्टर व सिरॅक्यूज येथील शाखांनी त्याप्रमाणे पैसा व सामान पाठवायचे. आधी पाहणी, मग मदत. आज हे साधे वाटते. पण २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर रस्त्याकडेला पडलेले जुन्या कपड्यांचे ढीग ज्यांनी वर्तमानपत्रात पाहिले असतील, त्यांना ही गोष्ट किती विसरली जाते हे ठाऊक आहे.

१८८४ साली ओहायो आणि मिसिसिपी या नद्यांना महापूर आला. क्लाराबाईंनी आगबोट भाड्याने घेतली, तिच्यात कोळसा, कपडे, अन्न, अवजारे भरली आणि काठाकाठाने फिरत जेथे जे हवे ते उतरवले. सरकार शिधा देत होते, म्हणून सरकार जे देत नव्हते ते यांनी दिले. याच वेळी पेनसिल्व्हेनियातील वॉटरफर्ड गावच्या सहा मुलांनी एक करमणुकीचा कार्यक्रम करून ५१ डॉलर २५ सेंट जमवले आणि पूरग्रस्तांसाठी पाठवून दिले. ही रक्कम कोणाला द्यावी याचा क्लाराबाईंनी बराच विचार केला. शेवटी नदीकाठी एक विधवा भेटली. तिचे सर्व काही गेले होते आणि तिलाही सहाच मुले होती. सहा मुलांचे पैसे त्या सहा मुलांना पोचले. देणाऱ्या मुलांना हे कळवायलाही त्या विसरल्या नाहीत.

त्याच वर्षी जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत शांततेच्या काळातील संकटांतही रेड क्रॉसने काम करावे याला मान्यता मिळाली. तिला अमेरिकन दुरुस्ती म्हणतात. आपल्याकडे १९२० च्या कायद्याने स्थापन झालेली भारतीय रेड क्रॉस सोसायटी पूर-भूकंपात उतरते, ती याच वाटेने.

३१ मे १८८९ रोजी पेनसिल्व्हेनियातील जॉन्सटाऊन शहराच्या वरच्या अंगाला असलेले धरण फुटले. हे धरण श्रीमंतांच्या एका क्लबचे होते, मासेमारी आणि नौकाविहारासाठी राखलेले, आणि त्याची डागडुजी धड झालेली नव्हती. २,२०० हून अधिक माणसे गेली. पाचव्या दिवशी क्लाराबाई आपल्या पथकासह हजर झाल्या. वय ६७. बंदोबस्ताला असलेल्या लष्करी अधिकाऱ्याला ही बाई येथे काय करणार असा प्रश्न पडला होता. त्यांनी आधी तंबू ठोकले, मग लाकडी वखार बांधली, मग बेघरांसाठी मोठमोठी निवासगृहे उभारली. तेथे माणसांनी भिकाऱ्यासारखे नव्हे तर पाहुण्यासारखे राहावे, टेबलाशी बसून जेवावे, असा त्यांचा आग्रह होता. वार्ताहर गेले, पुढारी गेले, त्या पाच महिने राहिल्या.

परंतु क्लाराबाईंचे खरे मोठे काम आमच्या मते १८९३ चे. ऑगस्टच्या अखेरीस साउथ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरील सी आयलंड्स या बेटांवर चक्रीवादळ आले. हजाराहून अधिक लोक बुडाले. वाचलेले सुमारे ३०,००० लोक बहुतेक सर्व कृष्णवर्णीय, कालपरवापर्यंत गुलामीत असलेले किंवा गुलामांची मुले. घरे गेली, होड्या गेल्या, शेतांत खारे पाणी शिरले. वर्षभरात अमेरिकेत मोठी मंदी आलेली, त्यामुळे देणग्या थोड्या. मग शिधा ठरला : सात माणसांच्या कुटुंबाला आठवड्याला एक माप मक्याची भरड आणि एक पौंड डुकराचे मांस. काम करणाऱ्याला जास्त. काम कोणते? तर शेतांतील खारे पाणी काढण्यासाठी चर खणायचे, घरे उभी करायची. बायकांनी शिवणमंडळे काढून आलेले जुने कपडे दुरुस्त करायचे आणि वाटायचे. भाजीपाला व बटाटा यांचे बियाणे घरोघर दिले. कोणाला हा शिधा फारच तुटपुंजा वाटेल, आणि तो तसा होताच. पण ऑक्टोबरपासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्याने ती बेटे जगली, आणि पीक हाती येऊ लागल्यावर रेड क्रॉसने मुक्काम हलवला.

मधल्या काळात रशियातील दुष्काळ, तुर्कस्तानात आर्मेनियन लोकांवर झालेले अत्याचार, क्यूबाचे युद्ध, सगळीकडे मदत गेली. १९०० साली टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन शहर वादळाने उद्ध्वस्त केले, तेव्हा ७८ वर्षांच्या क्लाराबाई तेथेही गेल्या. शेतकऱ्यांचा हंगाम वाया गेला होता. त्यांना स्ट्रॉबेरीची सुमारे १५ लाख रोपे मिळवून दिली.

आता एक कटू भाग. क्लाराबाईंना काम दुसऱ्याच्या हाती सोपवणे कधी जमले नाही. संस्था आणि त्या एकच, असे झाले होते. संकटाच्या धामधुमीत स्वतःचे पैसे संस्थेत घालायचे, संस्थेचे पैसे जागच्या जागी खर्च करायचे, आणि पावत्यांचा हिशेब मागे राहायचा. संस्थेतीलच मेबल बोर्डमन आणि इतर काहींनी याला आक्षेप घेतला. चौकशी समिती बसली. गैरव्यवहार सिद्ध झाला नाही, चौकशी मध्येच थांबली, पण क्लाराबाईंनी मे १९०४ मध्ये राजीनामा दिला. त्यांना वागवले गेले ते निष्ठुरपणे, हे खरे. मात्र लोकांनी विश्वासाने दिलेल्या पैशाचा हिशेब मागणाऱ्यांचेही चुकले असे आम्हाला म्हणवत नाही. १९०५ च्या नव्या सनदेने संस्थेचे हिशेब दरवर्षी सरकारकडून तपासले जातील अशी तरतूद केली.

क्लाराबाई त्यानंतरही गप्प बसल्या नाहीत. प्रथमोपचार शिकवणारी एक संस्था त्यांनी १९०५ साली काढली. वॉशिंग्टनजवळ ग्लेन एको येथे त्यांचे घर होते. जॉन्सटाऊनची निवासगृहे मोडल्यावर जे लाकूड उरले, ते आणून बांधलेले. आधी ती रेड क्रॉसची वखार होती, मग कार्यालय झाले, मग त्यांचे राहते घर. भिंतीभिंतींत खोल कपाटे होती आणि त्यांत पुढच्या संकटासाठी कांबळी, पट्ट्या आणि इतर सामान भरून ठेवलेले असे. त्याच घरात १२ एप्रिल १९१२ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांनी देह ठेवला. नॉर्थ ऑक्सफर्डच्या दफनभूमीत, आईवडिलांजवळ त्यांना पुरण्यात आले.