विश्लेषण : डॉक्टरकी सोडून गोल्फ कोर्स आखणारे मॅकेन्झी कोण होते? त्यांची पद्धत नेरुळच्या किनाऱ्यावर चालली असती का?

पाम बीच रोडवरून जाताना एनआरआय कॉम्प्लेक्स आणि टी. एस. चाणक्यच्या मागे पाण्याचा मोठा पट्टा दिसतो. हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत तिथे फ्लेमिंगो उतरतात. याच परिसरात गोल्फ कोर्स आणि निवासी संकुल उभारण्याचा प्रस्ताव होता. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो रोखला आणि वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. किनाऱ्यावरच्या गोल्फ कोर्सचे स्वप्न जगभर ज्या काही मैदानांकडे पाहून रंगवले जाते, त्यांतली बरीचशी एका माणसाने आखली आहेत. हा माणूस पेशाने डॉक्टर होता.

कोण होते डॉ. ॲलिस्टर मॅकेन्झी?

मॅकेन्झी यांचा जन्म ३० ऑगस्ट १८७० रोजी इंग्लंडमधील यॉर्कशरमध्ये झाला. आईवडील मूळचे स्कॉटलंडचे आणि वडील डॉक्टर. मुलानेही केंब्रिजमध्ये शिक्षण घेऊन वैद्यकीचा मार्ग धरला. दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटले तेव्हा ते शल्यचिकित्सक म्हणून ब्रिटिश फौजेसोबत गेले. तिथे जखमींवर उपचार करता करता त्यांना एक वेगळेच कोडे पडले. संख्येने कमी असलेले बोअर शेतकरी एवढ्या मोठ्या फौजेला दिसत कसे नाहीत?

उत्तर जमिनीत होते. बोअर सैनिक खंदक असे खणत, की ते आजूबाजूच्या चढउतारांत मिसळून जात. काही ठिकाणी खोटे खंदक दाखवून तोफांचा मारा भलतीकडे वळवला जाई. माणसाने केलेले काम निसर्गाने केल्यासारखे दिसले पाहिजे, हा धडा मॅकेन्झी यांनी तिथे घेतला. पहिल्या महायुद्धात ते आधी लष्करी डॉक्टर म्हणून दाखल झाले. नंतर अभियंत्यांच्या तुकडीत जाऊन त्यांनी फौजेला हीच लपण्याची कला, म्हणजे कॅमोफ्लाज, शिकवली.

युद्धातला धडा मैदानावर कसा आला?

लीड्सला परतल्यावर डॉक्टरकी सुरू होती, पण मन गोल्फमध्ये होते. १९०७ मध्ये ॲलवुडली क्लबच्या स्थापनेत त्यांचा सहभाग होता आणि तिथले मैदानही त्यांनीच आखले. त्या काळी आतल्या भागातल्या अनेक मैदानांवर बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, सरळ रेषेत आणि चौकोनी खणलेले असत. मॅकेन्झी यांनी बंकरच्या कडा वेड्यावाकड्या ठेवल्या आणि ग्रीनला चढउतार दिले. त्यांचे मैदान पाहून नेमके काय माणसाने केले आणि काय आधीपासून होते, हे ओळखणे कठीण जाई.

१९२० मध्ये त्यांचे गोल्फ आर्किटेक्चर हे छोटे पुस्तक आले. त्यात त्यांनी मैदान आखण्याची १३ तत्त्वे मांडली. एका ग्रीनवरून पुढच्या टीपर्यंत फार चालावे लागू नये, कमकुवत खेळाडूला अडथळा टाळून जाण्याची वाट असावी, मैदान बारा महिने खेळण्यालायक असावे आणि केलेले काम नैसर्गिक वाटावे, ही त्यांतली काही. डॉक्टर या नात्याने त्यांचा आणखी एक विश्वास होता. मोकळ्या हवेतला खेळ माणसाला औषधापेक्षा जास्त बरे करतो, असे त्यांना वाटे.

समुद्रकिनारा गोल्फला इतका का मानवतो?

गोल्फ वाढला तो स्कॉटलंडच्या लिंक्सवर. समुद्र आणि शेती यांच्या मधल्या वाळूच्या टेकड्यांच्या पट्ट्याला तिथे लिंक्स म्हणतात. ही जमीन पिकाला निरुपयोगी, पण खेळाला उत्तम. वाळूतून पाणी झटकन खाली जाते, बारीक पात्याचे चिवट गवत कमी पाण्यावर टिकते आणि समुद्राचा वारा रोज खेळाचे गणित बदलतो. मॅकेन्झी यांनी यांतल्या सर्वांत जुन्या मैदानांपैकी एकाचा, सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सचा, बारकाईने सर्व्हे केला. १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा नकाशा आजही अभ्यासला जातो.

थोडक्यात, समुद्र जवळ असणे ही दुय्यम गोष्ट आहे. खरे काम वाळू करते.

सायप्रस पॉइंट कसे उभे राहिले?

१९२६ मध्ये मॅकेन्झी ऑस्ट्रेलियाला गेले आणि तिथे रॉयल मेलबर्नच्या वेस्ट कोर्सची आखणी केली. त्याच सुमारास कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे किनाऱ्यावर एक खासगी क्लब आकार घेत होता. आधी नेमलेले वास्तुकार सेथ रेनर यांचे १९२६ च्या सुरुवातीला निधन झाले आणि काम मॅकेन्झी यांच्याकडे आले. प्रकल्पाच्या सूत्रधार होत्या १९२१ च्या अमेरिकन महिला अमॅच्युअर विजेत्या मॅरियन होलिन्स.

जागा अवघड होती. एकीकडे पाइनचे जंगल, मधे वाळूच्या टेकड्या आणि टोकाला खडकाळ कडे. मॅकेन्झी यांनी टेकड्या सपाट केल्या नाहीत. होल त्यांच्यामधून वळवत नेले. सोळावा होल सर्वांत धाडसी, सुमारे २३० यार्डांचा. चेंडू टीवरून थेट समुद्रावरून पलीकडच्या खडकावर मारायचा. हे शक्य नाही अशी शंका निघाली, तेव्हा होलिन्स यांनी तिथे चेंडू ठेवून तो पलीकडे पोहोचवल्याचे सांगितले जाते. या होलचे श्रेय मॅकेन्झी यांनी त्यांनाच दिले. ऑगस्ट १९२८ मध्ये सायप्रस पॉइंट खुले झाले.

भराव टाकून कोर्स बांधला तर?

मॅकेन्झी यांच्या आयुष्यात याचेही उदाहरण आहे. १९१४ मध्ये एका ब्रिटिश नियतकालिकाने होलच्या आराखड्याची स्पर्धा घेतली. ती मॅकेन्झी यांनी जिंकली. त्यावर बेतलेला होल न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील लिडो क्लबमध्ये अठरावा होल म्हणून बांधला गेला. लिडोची जागा मात्र खाऱ्या दलदलीची होती. चार्ल्स मॅकडोनल्ड यांच्या आराखड्यानुसार तिथे सुमारे २० लाख घनयार्ड, म्हणजे १५ लाख घनमीटर वाळू पंपाने ओतली गेली.

१९१७ मध्ये खुल्या झालेल्या या मैदानाची गणना जगातल्या उत्तम मैदानांत झाली. पण पाव शतकातच ते संपले. मंदीने क्लब खंगला आणि दुसऱ्या महायुद्धात ती जागा अमेरिकी नौदलाने घेतली. लिडोची हुबेहूब प्रतिकृती २०२३ मध्ये खुली झाली, तीही समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, विस्कॉन्सिनच्या नैसर्गिक वाळूवर.

नेरुळमध्ये अडचण कुठे आहे?

नवी मुंबईचा किनारा वाळूचा नाही. तो खाडीचा, चिखलाचा आणि तिवरांचा आहे. सेंट अँड्र्यूजला वर्षभरात साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. इथे चार महिन्यांत दोन ते तीन हजार मिलिमीटर कोसळतो. खाऱ्या चिकणमातीतून पाणी झिरपत नाही. म्हणजे भराव, वाळूचा थर, पाइपचे जाळे आणि क्षार सोसणारे खास गवत हे सगळे बाहेरून आणावे लागते. उन्हाळ्यात त्या गवताला गोडे पाणी लागते ते वेगळेच.

दुसरा मुद्दा पुराचा. नवी मुंबईच्या सखल भागांत भरतीच्या वेळी पावसाचे पाणी साठवण्यासाठी धारण तलावांची रचना केलेली आहे. किनाऱ्यालगतची पाणथळही तेच काम फुकटात करते. तिथे भराव पडला, की पाणी दुसरीकडे जागा शोधते आणि ती जागा बहुधा वस्तीची असते.

तिसरा मुद्दा पक्ष्यांचा. ठाणे खाडीचे फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झाले आणि २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला. पण भरतीला खाडीतला चिखल पाण्याखाली जातो आणि फ्लेमिंगोंना उभे राहायला उथळ पाणी लागते. ते त्यांना नेरुळच्या या तलावांत मिळते. तलाव गेले, तर खाडीचे संरक्षण दिवसातले काही तासच पुरते.

मॅकेन्झी यांचा शेवट कसा झाला?

सायप्रस पॉइंट पाहून बॉबी जोन्स प्रभावित झाले आणि ऑगस्टा नॅशनलचे काम त्यांनी मॅकेन्झी यांना दिले. पण महामंदीत क्लबकडे पैसा नव्हता. ठरलेले शुल्क मॅकेन्झी यांना पूर्ण मिळालेच नाही. पुढे जिला मास्टर्स म्हटले गेले, ती स्पर्धा ऑगस्टावर पहिल्यांदा मार्च १९३४ मध्ये झाली. त्याआधीच, ६ जानेवारी १९३४ रोजी, कॅलिफोर्नियात आर्थिक ओढगस्तीत त्यांचे निधन झाले. सांताक्रूझमधल्या पासाटिएम्पो या त्यांनीच आखलेल्या मैदानावर त्यांच्या अस्थी विखुरण्यात आल्या.

त्यांची अनेक मैदाने आज शंभरीच्या आसपास आहेत. जमीन मुळात जशी आहे तशी वापरणे, हे त्यामागचे सूत्र. नेरुळच्या पाणथळीला हेच सूत्र लावले, तर ती जमीन आजही पाणी धरण्याचे आणि पक्षी पोसण्याचे काम करतेच आहे. गोल्फसाठी तिला आधी पुसून टाकावे लागेल.